सतराव्या दिवशीही लवंग

"तुम्ही दवाखान्यात जाऊन आलात का हो?" बाथरूमच्या दारातून मी विचारलं. माझ्या हातात ह्यांचा कालचा शर्ट होता.

"कुठल्या दवाखान्यात?" हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "रिटायर माणूस दवाखान्यात जातो तो पेशंट म्हणून."

"मग शर्टाला लवंगेचा वास कसा?"

पेपर जरासा खाली आला. "चौतीस वर्षांचा वास आहे तो. हाडांत मुरलाय. सतरा दिवसांत जातो होय?"

उत्तर चांगलं होतं. इतकं चांगलं उत्तर माझ्या नवऱ्याला इतक्या चटकन कधी सुचत नाही, म्हणूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मशीन भरायचं होतं. मी शर्ट आत टाकला आणि बटण दाबलं.

माझा नवरा दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. डॉक्टरसाहेबांनी दात कोरायचा आणि ह्यांनी काचेच्या पट्टीवर पांढऱ्या पुडीत लवंगेचं तेल घालून लगदा घोटायचा, तो त्या भोकात भरायला. दुखऱ्या दातावर लवंगेच्या तेलाचा कापूस ठेवायचा, तोही ह्यांनीच. त्यामुळे बोटं, बाह्या, कॉलर, केस, सगळ्याला तो वास. लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर मी रोज मसाल्याच्या डब्याचं झाकण तपासत होते. मग कळलं की झाकण घट्टच आहे, नवराच उघडा आहे. पुढे त्या वासाची इतकी सवय झाली की संध्याकाळी दार वाजायच्या आधी जिन्यात लवंग आली की मी चहाचं आधण ठेवायची.

दातावर कापूस ठेवला की हे प्रत्येक पेशंटला एकच वाक्य सांगायचे. "दुखणं थांबलंय, कीड थांबलेली नाही. लवंगेच्या भरवशावर राहू नका, परवा या." लोक परवा यायचे नाहीत. सहा महिन्यांनी गाल सुजवून यायचे. मग हे घरी येऊन मोठ्या समाधानाने सांगायचे, "बघ, मी म्हटलं होतं." झोपेतसुद्धा हे वाक्य बोललेलं मी ऐकलंय.

आणि सिगारेट. ती पण होती. साधी, पांढरी, दिवसाला पाकीट. सात वर्षांपूर्वी हिवाळ्यात खोकून खोकून बेजार झाले तेव्हा मी समोर बसवून विचारलं, सिगारेट की मी. त्यांनी विचार करायला एक दिवस मागितला, हे मी अजून विसरलेले नाही. पण दुसऱ्या दिवशी पाकीट माझ्या हातात आणून ठेवलं. खोकला गेला. घरातला धुराचा वास गेला. मी धन्य झाले.

नुसती धन्य होऊन थांबले असते तर बरं झालं असतं. मी गावभर सांगत सुटले. लग्नात, बारशात, भाजी घेताना, जिथे दोन बायका भेटतील तिथे. "मी एका दिवसात सोडवली हो, माणसाला ठाम राहता आलं पाहिजे." माझ्या नणंदेने तर आपल्या नवऱ्याला आमच्या घरी आणून बसवलं आणि ह्यांनी त्याला तासभर उपदेश केला. इच्छाशक्ती, कुटुंबाचा विचार, फुप्फुसं, सगळं झालं. मी आतून चहा आणताना माझा ऊर भरून आला होता. तो बिचारा त्या दिवसापासून सिगारेटला शिवला नाही.

निरोपाच्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी ह्यांना दोन वस्तू दिल्या. एक स्टीलचा थर्मास आणि दुसरा जबडा. लहान मुलांना ब्रश कसा करायचा हे दाखवायला दवाखान्यात एक कलिंगडाएवढा जबडा होता, बिजागरीवर उघडमिट होणारा. तो आता आमच्या शोकेसमध्ये आहे, मुलीला शाळेत बक्षीस मिळालेल्या कपाच्या शेजारी. पाहुणे आले की आधी तो हसतो, मग आम्ही.

थर्मास मात्र मी मागून घेतला होता. आमच्या घरामागे टेकडी आहे, वर पाण्याची टाकी आणि टाकीच्या सावलीत एक बाक. तिथून बंदर दिसतं. एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या. मुलगी लहान असताना एकदा आम्ही वर गेलो होतो, तेव्हा हे म्हणाले होते, "रिटायर झालो की रोज सकाळी इथे येऊन चहा पिऊ." ह्यांना सकाळी आठला दवाखाना उघडावा लागायचा, सुट्टी रविवारची, आणि रविवारी कोणाचा तरी दात दुखायचाच. त्यामुळे त्या बाकावर मी वीस-बावीस वर्षं मनातल्या मनातच बसत होते.

रिटायर झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. दहा-बारा पायऱ्या झाल्या की हे थांबायचे. "ती बोट बघ, नवीन रंग दिलाय." आणखी दहा पायऱ्या. "हा कठडा गंजलाय, नगरपालिकेला कळवायला हवं." मग एका झाडाचं पान हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग समोरून उतरणाऱ्या माणसाकडे बघून म्हणाले, "त्याची खालची दाढ गेलीय, चालण्यावरून कळतं." चालण्यावरून दाढ कळते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण मला वाटलं, जन्मभर लोकांच्या तोंडात बघत बसलेला माणूस आहे, आता जरा जग बघतोय तर बघू दे. साठाव्या पायरीवर सपाट जागा आहे, तिथे पोचेपर्यंत ऊन चढलं आणि आम्ही खाली आलो. नंतर रोज काही ना काही निघत गेलं. गुडघा, पाहुणे, वारा.

तर शर्ट. दोन दिवसांनी मी कपाटातून मुलीने पाठवलेला नवा शर्ट काढला. टाचण्यासुद्धा तशाच होत्या. तो ह्यांना घालायला लावला आणि कोपऱ्यावरून साबण आणायला पाठवलं. पाच मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं लागली. परत आल्यावर "कॉलर वाकडी झालीय" म्हणून मी जवळ गेले आणि हुंगलं. लवंग. हाडांत मुरलेला वास कोऱ्या शर्टाला अर्ध्या तासात लागत नाही.

माझ्या मनात नाही नाही ते आलं. या वयात बाहेर काही भानगड? पण लवंगेच्या वासाची बाई हे आणणार कुठून. मग वाटलं, बिचारे चोरून दवाखान्यात जात असतील, दाराशी उभे राहून परत येत असतील. त्या दिवशी मी त्यांच्या आवडीची भाजी केली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी शोकेस पुसायला घेतलं. जबड्याच्या दातांच्या फटींत धूळ बसते, म्हणून मी तो उघडला. खालच्या दाढांच्या मागे, जिभेची जागा असते तिथे, बारा सिगारेटी ओळीने झोपल्या होत्या. तपकिरी. सगळ्या खोलीत एकदम दवाखाना पसरला.

मी जबडा तसाच उघडा टेबलावर ठेवला, दोन कप चहा आणला आणि समोर बसले. हे फिरून आले, त्यांनी जबड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत टेकले. थोडा वेळ आम्ही दोघं आणि तो जबडा, तिघंही आ वासून बसलो होतो.

"तेवीस दिवस खरंच सोडली होती," शेवटी हे म्हणाले. "शपथेवर सांगतो."

"आणि चोविसाव्या दिवशी?"

"बोटीवरचा एक आचारी आला होता. अक्कलदाढ काढली त्याची. जाताना खूश होऊन मला एक पाकीट देऊन गेला. म्हणाला, लवंगेची आहे, आमच्याकडे सगळे ओढतात. मी नुसतं हुंगून बघितलं." ह्यांनी चहाचा कप फिरवला. "वास अगदी आपल्या दवाखान्याचा. मग बंदरावरच्या दुकानात मिळते असं कळलं."

"म्हणजे मला कधी कळणारच नव्हतं."

"तुला त्रास नको म्हणून."

मला इतका राग आला की आधी हसू आलं आणि मग रडू. सात वर्षं मी ज्या वासावर चहाचं आधण ठेवत होते, त्यातला दवाखान्याचा किती आणि सिगारेटीचा किती? आणि भाजीवालीपासून विहिणीपर्यंत सगळ्यांना माझ्या ठामपणाच्या कथा सांगितल्या त्याचं काय? "तुमच्या बहिणीच्या नवऱ्याला तासभर उपदेश केलात तेव्हा खिशात काय होतं?" मी विचारलं.

"एकच होती," हे म्हणाले. खोटं बोलायचं ठरवलं की माझा नवरा इतका प्रामाणिक होतो.

मग मात्र ते सरसावून बसले. "पण तू साधी सिगारेट आणि ही एका तराजूत घालू नकोस. ही औषधी आहे. लवंग आहे ही. दुखऱ्या दातावर आम्ही काय ठेवतो? लवंग. साध्या सिगारेटीने मला खोकला होता की नाही? हिने सात वर्षांत ठसका तरी ऐकलास? घसा गार राहतो. आणि साधी दिवसाला पाकीटभर लागायची, ही चारात भागते."

आता खरं सांगायचं तर मी जरा गडबडले. कारण खोकला खरंच नव्हता. आणि लवंग माझ्याही डब्यात आहेच की. सर्दी झाली की मीच त्यांना देते.

"एक झुरका घेऊन बघ," हे म्हणाले. "मग बोल."

अठ्ठावन्न वर्षांत मी सिगारेटला बोट लावलेलं नव्हतं. पण रागाच्या भरात माणूस काय करत नाही. मी घेतली. पेटवताना ती तडतडली. ओठ गोड झाले, घसा आधी गार आणि मग नाहीसाच झाला, आणि धूर आत गेला तो मला कळलादेखील नाही. ठसका नाही, जळजळ नाही. मला आवडला. आणि तिथेच मी घाबरले. एवढं आत जाणारं काही घशाला कळतच नाही, म्हणजे घशाचं काय झालं असेल?

मी ती बशीत विझवली. "आपण छातीच्या डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हणाले. "त्यांनी सांगितलं की ही साधीपेक्षा बरी, तर गॅलरीत बसून उजळ माथ्याने ओढा, मी काडी पेटवून देईन. नाही म्हटलं तर बंद."

"कबूल," हे म्हणाले. त्यांना खात्री होती. मला नव्हती, आणि मला माझा नवरा हवा होता. माझ्या ठामपणाची अब्रू गेली ती गेली, पण त्या टेकडीवरच्या बाकावर एकटीने चहा प्यायला मी थर्मास मागितला नव्हता.

छातीच्या डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. ह्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि कोर्टात पुरावा मांडावा तसं बोलायला लागले. डॉक्टरीण बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, दिवसाला किती?"

"चार."

"नक्की?"

हे घुटमळले. "आमच्या दवाखान्यात पेशंट चॉकलेटं किती खातो ते सांगायचा, त्याच्या दुप्पट धरायचो आम्ही."

"मग मी आठ लिहिते," त्या म्हणाल्या. ह्यांनी लिहू दिलं. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही, माझी पर्स बघत बसले.

मग एका नळीत फुंकायला लावलं. नाकाला चिमटा, छाती भरून श्वास, आणि जोरात, आणखी, आणखी, सोडू नका काका. हे लालबुंद झाले. तीनदा करायला लावलं. यंत्रातून कागद आला. डॉक्टरीण बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "तुमचं वय साठ. ह्या यंत्राच्या हिशोबाने तुमच्या फुप्फुसांचं एकोणऐंशी."

म्हणजे इतकी वर्षं मी नवऱ्याबरोबर त्याच्या म्हाताऱ्या काकालाही सांभाळत होते.

"हे जुन्या साध्या सिगारेटीमुळे असेल," हे म्हणाले. आवाजातली खात्री निम्मी झाली होती. "ही लवंगेची तरी..."

"काका, हिच्यात लवंग तिसरा हिस्सा, फार तर थोडी जास्त. बाकी सगळा तंबाखूच आहे. साध्या सिगारेटीत जे जे असतं ते सगळं हिच्यात आहे. निकोटीन, डांबर, विषारी वायू, सगळं तितकंच, कधीकधी जास्तच. लवंग खाल्लीत तर गोष्ट वेगळी. ती जाळून धूर छातीत घेतला की ती औषध राहत नाही."

"पण खोकला नाही ना येत."

"येणार कसा? साधी सिगारेट घशाला टोचते, म्हणून माणूस धूर लवकर सोडतो. लवंगेच्या तेलाने घसा बधिर होतो. टोचत नाही, म्हणून तुम्ही खोल ओढता, जास्त वेळ आत ठेवता. आत जे व्हायचं ते होतच असतं. फक्त..."

त्या शब्द शोधत थांबल्या. माझा नवरा टेबलावरच्या पाकिटाकडे बघत होता. त्याने ते वाक्य पुरं केलं, अगदी हळू, दवाखान्यात म्हणायचा त्याच सुरात.

"दुखणं थांबतं. कीड थांबत नाही."

"बरोबर," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "अगदी तेच."

"मी चौतीस वर्षं हेच सांगतोय," हे म्हणाले. "लोकांना."

मला त्या क्षणी त्यांना जिंकल्याचं दाखवायचं होतं. रस्ताभर काय काय बोलायचं ते मी येतानाच ठरवून ठेवलं होतं. ते सगळं तसंच राहिलं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं मात्र वाचवता येईल, आज सोडली तर. ह्यांनी पाकीट त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग विचार करून खिशातल्या दोन सुट्या काढल्या, त्याही टाकल्या. डॉक्टरीण बाईंनी आणि मी दोघींनी दुसरीकडे पाहिलं.

घरी आल्यावर हे चप्पलसुद्धा न काढता फोनपाशी गेले आणि बहिणीला लावला. "ताई, मी सोडली नव्हती. सात वर्षं खोटं बोललो. भाऊजींना सांग." पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. फोन ठेवून म्हणाले, "ती म्हणतेय, त्यांना सांगत नाही. उगाच परत सुरू करतील."

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते मला विचारू नका. घड्याळाची टिकटिक जोरात होते म्हणून ह्यांनी त्याचा सेल काढून ठेवला. आमटीत मीठ कमी म्हणून चिडले, दुसऱ्या दिवशी जास्त म्हणून, तिसऱ्या दिवशी बरोबर आहे म्हणून. आणि खोकला सुरू झाला. सात वर्षं ज्याचा आवाज नव्हता तो खोकला सकाळी सकाळी घर हलवायचा. हे घाबरून म्हणाले, "सोडल्यावर बिघडलं की काय?" मी म्हटलं, "घसा जागा झालाय. झोपलेल्या माणसाला उठवलं की तो आधी कुरकुरतोच." पण आतून मीही घाबरायची. डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, येऊ दे, चांगलं आहे. तेव्हापासून हे खोकले की मी मनात म्हणायची, चला, कळतंय.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी मी थर्मास भरला. ह्यांनी तो बघितला आणि चपला घातल्या.

दहा पायऱ्या, मग आणखी दहा. ह्या वेळी बोट नाही, कठडा नाही, कोणाची दाढ नाही. चाळिसाव्या पायरीवर त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. मी मुद्दाम हळू झाले, चपलेचा पट्टा नीट करायला वाकले. साठाव्या पायरीवरची सपाट जागा आली तेव्हा हे थांबले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं, आता बंदराकडे बोट दाखवतील. मी तिकडे मान वळवायच्या तयारीतही होते.

"अगं, थांब," हे म्हणाले. "मला दम लागलाय."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी पायरीवर बसले, शेजारची जागा पदराने झाडली. हेही बसले. वर टाकी दिसत होती, टाकीखालचा बाक दिसत होता, कोणीतरी दोघं त्यावर बसलेली होती. अजून एकशे चोवीस पायऱ्या. आम्ही दोघांनी एकदाच वर पाहिलं. मी थर्मासचं झाकण फिरवलं आणि चहा ओतला.

"इथेच?" ह्यांनी विचारलं.

"इथेच. चहा कुठे टेकडी बघतोय?"

श्वास जागेवर यायला वेळ लागला. तोवर कप त्यांनी दोन्ही हातांत नुसता धरून ठेवला होता. मी सवयीने त्यांच्या कॉलरपाशी वाकले. त्यांनी मान बाजूला केली नाही, उलट जरा पुढेच केली, तपासणीला बसलेल्या पेशंटसारखी.

"येतोय का?"

मी पुन्हा हुंगलं. साबणाचा वास होता, उन्हाचा होता. बाकी काही नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याला लवंगेचा वास नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याच वेळी जिन्यात यायचा तो वास आठवला आणि डोळे भरून आले.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही."

ह्यांनी मान हलवली आणि चहाचा पहिला घोट घेतला. घशाखाली उतरला तसा त्यांनी चेहरा वाकडा केला.

"घसा भाजला," ते म्हणाले, आणि कपाकडे बघत राहिले.